नोंदणीची तारीख

१

"अहो, बत्तीस!"

आतल्या खोलीतून कुमुदिनीने हाक दिली, आणि पद्माकर दाबकेने गालावरचा रेझर थांबवून "बत्तीस" असं उलट म्हटलं. नवरा दाढी करत असताना बायकोने भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा ओरडून सांगायचा, हा या घरातला रोजचा परिपाठ होता. लोकांच्या घरी सकाळी देवघरातली घंटा वाजते, दाबक्यांच्या घरी पारा वाजायचा.

त्याला कारण होतं. पद्माकर दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होता. हवा बदलली की हृदयविकाराने माणसं किती मरतात, या एकाच प्रश्नावर त्याची उभी नोकरी गेली होती. थंडीची लाट आली की मरणाऱ्यांचा आकडा त्याच दिवशी वाढत नाही, पुढच्या आठवड्याभरात वाढतो. उन्हाळा एवढा वेळ लावत नाही, त्याचा हिशेब दोन-एक दिवसांत होतो. ही मधली दिरंगाई समीकरणात कशी बसवायची, हे त्याचं काम. "बाबा मरणाचं पंचांग करतात," असं साकेत लहानपणी पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे चहाचा कप खाली ठेवायचे.

मग गेल्या जानेवारीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, धुक्याच्या एका सकाळी कुमुदिनी दुधाच्या रांगेतच छाती धरून खाली बसली. वाचली. पण डॉक्टरने बजावलं की यापुढे थंडी म्हणजे वैरीण समजा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पद्माकर तर पाणीसुद्धा फुंकू लागला. क्वार्टरच्या ओल्या भिंती नकोत म्हणून त्याने निवृत्तीची वाट न पाहता गुडगावला सोसायटीतल्या सातव्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं. चहूकडे वाळूचे ढीग, क्रेन आणि अर्धवट मनोरे होते; रोज चार्टर्ड बसने दिल्ली गाठायची. पण भिंतींना ऊन होतं. संस्थेच्या पाहणीतले दोन उरलेले थर्मामीटर त्याने आणले, एक हॉलमध्ये टांगला आणि एक कुमुदिनीच्या पलंगाशेजारी ठोकला.

तेव्हापासून दोघांचं लक्ष एकाच दिवसावर होतं. साकेत अमेरिकेत होता. सन दोन हजार लागताना कॉम्प्युटर बिघडू नयेत म्हणून जी मुलं रात्रंदिवस राबत होती, त्यांतला एक. आईच्या आजारपणात त्याला येता आलं नव्हतं. आता मे महिन्यात, पुढच्याच्या पुढच्या रविवारी, तो येणार होता.

"साकेतला एकदा डोळ्यांनी बघू दे," कुमुदिनी म्हणायची, "मग काय व्हायचं ते होऊ दे."

"काही व्हायचं नाही," पद्माकर म्हणायचा. त्याला खरंच तसं वाटत होतं. उन्हाळा लागला होता, थंडी अजून लांब होती.

त्याने रेझर धुतला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. नुसतं पडलं नाही, झाकण गडगडत गेलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली.

"काय गं, काय पडलं?"

उत्तर आलं नाही. त्याने टॉवेल उचलला, दोन पावलं टाकली, तोच तिचा आवाज आला.

"काही नाही. भांडं पडलं."

तो परत आरशाकडे वळला.

२

"अहो, एकवीस."

"चष्मा लाव," पद्माकर दुसऱ्या दिवशी सकाळी आरशातून म्हणाला.

"लावलाय."

तो तोंडाला साबण तसाच ठेवून आत गेला. उंबऱ्यापर्यंत फरशी कोमट होती, उंबऱ्याच्या आत गार. कुमुदिनी पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. थर्मामीटर एकवीस दाखवत होता.

"किती छान वाटतंय ना?" ती म्हणाली. "मे महिना आहे असं वाटतच नाही."

उपकरण बिघडलं, हा त्याचा पहिला विचार. असं उपकरण पाहणीत निघालं की ते परत मागवायचं, हा त्याचाच नियम. त्याने तो थर्मामीटर हॉलमध्ये नेऊन टांगला आणि तिथला आत आणला. पेपर वाचून होईपर्यंत बिघडलेला थर्मामीटर हॉलमध्ये बत्तीसवर गेला होता आणि चांगला आत एकवीसवर उतरला होता.

मग त्याने भिंत चाचपली. भिंतीपलीकडे पाण्याचे पाइप असतील. प्लास्टर ओलं असेल. शाफ्टमधून वारा येत असेल. बिल्डरने काय काय करून ठेवलं असेल, कुणी सांगावं. कारणं भराभर सुचत होती आणि त्यांतलं एकही त्याला पटत नव्हतं.

फरशी पुसायला आलेली बिमला आत गेली आणि लगेच पदर आवळत बाहेर आली. "साहब, एसी लगवा लिया क्या?"

"नहीं."

"फिर ठंड कहां से आ रही है?"

हा प्रश्न तो कशाला वाढवतो! त्याने माळ्यावरून हिवाळ्यातला हीटर काढला. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटलेला, आणि दाबक्यांच्या घरात हीटरची कांडी लाल झालेली. शेजारच्या मिसेस भाटियांनी पाहिलं असतं तर अख्ख्या सोसायटीला महिनाभर विषय पुरला असता.

पारा हळूहळू सरकू लागला. पद्माकर त्याच्याकडे बघत उभा होता. मागून कुमुदिनी काहीतरी बोलली. काय ते त्याला कळलं नाही, कारण आवाज जिन्याच्या खालून आल्यासारखा आला. त्याने वळून पाहिलं. ती तर पलंगावरच होती, हाताच्या अंतरावर.

"बंद करा ते," ती पुन्हा म्हणाली. "मला कसंतरी होतंय. लांब लांब गेल्यासारखं."

त्याने झटक्यात स्विच बंद केला. कांडी काळी पडली, पारा परत उतरला, आणि तिचा आवाजही हळूहळू जवळ आला.

"छातीत दुखतंय का?"

"छे. उलट छातीत आता काही म्हणून काही नाही," ती म्हणाली. "इतकं हलकं मला जानेवारीपासून वाटलं नव्हतं."

त्याला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

३

संस्थेतली पाहणी साधी होती. दिल्लीभरातल्या हृदयरोग्यांच्या खोल्यांत थर्मामीटर लावायचे, घरच्यांनी रोज सकाळी आकडा सांगायचा, आणि पुढे जे जातील त्यांच्या मृत्यूची तारीख त्याला जोडून पाहायची. हे जोडायचं काम पूर्वी नावाच्या सहायक संशोधिकेकडे होतं. पुण्याहून नुकतीच आलेली ही मुलगी मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहायची, आणि दिल्लीच्या उन्हाला रोज शिव्या देत का होईना, वेळेवर यायची.

"सर, एक मिनिट?" ती त्या दिवशी दुपारी त्याच्या टेबलाशी आली. "आपण जी रीडिंग्ज अशक्य म्हणून बाजूला काढतो ना, मे-जूनमधली वीस-एकवीस वगैरे, ती मी जरा बघत होते."

"कशाला? थर्मामीटर फ्रिजवर ठेवतात लोक. फेकून द्यायची ती."

"हो सर, पण ती सगळी गेलेल्या पेशंट्सच्या घरची आहेत. जे जिवंत आहेत त्यांच्याकडे असं एकही नाहीये."

पद्माकरने चष्मा काढून पुसला. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला, पूर्वी. आपल्या धंद्यात अर्धी फजिती त्या कावळ्यामुळेच होते."

"तेच म्हटलं मी स्वतःला. पण सगळीकडे एकच पॅटर्न आहे. खोली एकदम गार पडते, आठ-दहा दिवस तशीच राहते, मग एक दिवस परत गरम होते. आणि मृत्यू त्या दिवशीचा, गरम झाली त्या दिवशीचा."

"म्हणजे गारठ्याने गेले. आपण तेच तर म्हणतोय."

"बाहेर चव्वेचाळीस असताना खोलीत गारठा कुठून आला, सर?" मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा उजळला. "का तारखाच मागेपुढे झाल्यात? तुम्हीच शिकवलंत ना, आधी विचारायचं, ही तारीख मृत्यूची की नोंदणीची? आपल्याला नोंदणीच्या तारखा दिल्या असतील, तर मृत्यू आधीच झाला असेल. मग आधी मृत्यू, मग गारठा, असं होईल. म्हणजे निदान एका सरळ रेषेत तरी येईल."

हा प्रश्न म्हणजे पद्माकरचा हुकमाचा पत्ता होता. परिषदांमधून भल्याभल्यांना त्याने त्यावर गप्प केलं होतं. माणूस सोमवारी मरतो, घरचे शुक्रवारी कचेरीत जातात, आणि शहाणे लोक शुक्रवारच्या हवेला दोष देतात.

"दाखले डॉक्टरांच्या सहीचे आहेत," तो म्हणाला. "तारीख मृत्यूचीच आहे."

"मग एखाद्या घरी जाऊन विचारू या?"

आज घरी एकवीस आहे, हे तो तिला सांगणार होता. "चल," तो म्हणाला.

४

सरोजिनी नगरच्या ज्या क्वार्टरमध्ये ते गेले ते पद्माकरच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. दार उघडणारी सून, कमलेश, मोकळ्या स्वभावाची होती. सासू गेल्याला वर्ष होत आलं होतं. दुःख आता तिच्या सवयीचं झालं होतं.

"बीजी का कमरा?" ती म्हणाली. "हां जी, एकदम ठंडा हो गया था. मैंने तो कहा, चलो अच्छा है, कूलर का बिल बचा."

"तबीयत कैसी थी उनकी?" पूर्वीने विचारलं.

"एकदम ठीक! वही तो कहती हूं सबसे. उस हफ्ते तो खांसी भी बंद थी. सब्जी काट देतीं, पुराना स्वेटर उधेड़तीं, सारे काम करतीं. बस खाती नहीं थीं. कहतीं, भूख नहीं है. गोलियां बाद में मिलीं, तकिए के नीचे, सारी की सारी."

पद्माकर खोलीच्या दारात उभा होता. आता तिथे शिवणयंत्र होतं, कपड्यांचा ढीग होता. भिंतीवर खिळा होता, थर्मामीटर संस्थेने परत नेला होता. खोली उकडत होती.

"फिर एक दिन दोपहर को कमरा गरम लगा," कमलेश म्हणाली. "मैंने सोचा ठीक है, मौसम पलट गया. अंदर गई, तो बीजी..." तिने ओढणीने तोंड पुसलं. "और डॉक्टर उलटा हमसे लड़ने लगा. बोला, इतने दिन से आप लोग क्या कर रहे थे? इतने दिन! मैंने कहा, डॉक्टर साहब, सुबह तो इन्होंने मुझसे चाय के लिए पूछा है."

पद्माकर दारातून वळला. "तारीख क्या लिखी उसने?"

"तारीख? जो हमने बताई, वही लिख दी जी. और क्या लिखता?"

दोघं बाहेर आले. रस्त्यावर बाजाराची झुंबड उडाली होती, स्वस्त टी-शर्टांचे ढीग, भाव करणाऱ्या पोरींचा कलकलाट.

"सर," पूर्वी म्हणाली, "म्हणजे दाखल्यावरची तारीखसुद्धा..."

"ऊन फार आहे," पद्माकर म्हणाला. "तू ऑटो बघ."

५

घरी आल्यावर त्याने चपला काढल्या आणि हॉलमध्येच थोडा वेळ थांबला. स्वयंपाकघरात खलबत्त्यात आलं कुटल्याचा आवाज येत होता. ठक, ठक, थोडं थांबून ठक. गेली तीस वर्षं तो आवाज ऐकतच तो घरी आला होता. जी बाई आलं कुटते तिच्याबद्दल असले विचार करायचे म्हणजे आपलंच डोकं तपासून घ्यायला हवं, असं त्याने स्वतःला बजावलं.

तिने चहा आणला. एकच कप.

"तुझा?"

"भूक नाही."

"चहाला भूक कशाला लागते?"

ती हसली. क्षणभर सोफ्यावर टेकली, पदराला हात पुसले आणि गेली. ती बसली होती तिथला सोफा त्याने नंतर हाताने चाचपून पाहिला. रेक्झीन गार होतं.

तिच्या गोळ्या तो दर रविवारी स्वतः डबीत भरून ठेवायचा, वारांचे कप्पे असलेली प्लॅस्टिकची डबी. त्याने ती उघडली. भांडं पडलं त्या दिवशी सकाळपासूनचे सगळे कप्पे भरलेले होते. त्याने डबी बंद केली आणि होती तिथे, होती तशी ठेवली. घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं, पण भीती काही येईना. बर्फावर हात ठेवून राहिलं की थोड्या वेळाने तो हात आपला वाटत नाही, तसं काहीतरी त्याच्या मनाचं झालं होतं.

शनिवारी त्याला सुट्टी होती. दुपारी कुमुदिनी डाव्या कुशीवर पडली होती, डोळे मिटलेले, पदर खांद्यावरून छातीवर घेतलेला. पद्माकर शाल पांघरून दाराशी खुर्चीत बसला. तिच्या मनगटावर बोटं ठेवून बघावं, असं दोन दिवस त्याच्या मनात होतं. नुसती दोन बोटं. पण एकदा ठेवली की मग जे कळेल ते नाकारता येणार नाही, आणि साकेतला यायला अजून आठवडा होता. म्हणून तो बसल्या जागेवरून नुसतं बघत राहिला.

पदराचा काठ हलतोय का, हे बघत राहिला.

वारा नव्हता. खिडकी बंद होती. बाहेर कुठेतरी सळया तोडायचं यंत्र चालू झालं, बराच वेळ चाललं आणि थांबलं. काठ हलला नव्हता. आपली नजर कमी झालीय, असं त्याने ठरवलं. इतक्या लांबून कुणाला दिसणार, असंही ठरवलं.

कुमुदिनीने डोळे उघडले. ती त्याच्याकडेच बघत होती. मग तिची छाती वर आली, एकदाच, आणि त्या तेवढ्या श्वासावर ती बोलली.

"काय बघताय?"

"काही नाही," पद्माकर म्हणाला.

बोलणं संपलं तशी छाती खाली बसली. ती परत वर आली नाही. कुमुदिनी मात्र हसून त्याच्याकडे बघत होती.

६

सोमवारी त्याने रजा टाकली आणि बाजारातून बर्फाची लादी आणली.

संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात की दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे. खोली गरम होते म्हणून माणूस जातो, की माणूस जातो म्हणून खोली गरम होते? हे आकड्यांवरून सांगता येत नाही. हा धडा पद्माकरने किती पोरांना घोकायला लावला होता. पण हीटर लावला तेव्हाचा तो जिन्याखालून आलेला आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. कावळ्याला उडू दिलं नाही तर फांदी मोडणार नाही, असल्या हिशेबाने या विद्वान माणसाने तिच्या खिडकीत कूलर बसवून घेतला, त्याच्या टाकीत बर्फ फोडून टाकला, दारांच्या फटींत जुन्या साड्या कोंबल्या आणि पडद्यांवर गोधड्या टांगल्या.

लिफ्टमध्ये मिसेस भाटिया भेटल्या. त्यांनी टपटपणाऱ्या पोत्याकडे बघितलं. "भाई साहब, भाभीजी को तो ठंड से बचाना है ना? और आप बर्फ ढो रहे हो?"

"उनको अच्छा लगता है," तो म्हणाला.

ते खरंच होतं. तिने साकेतसाठी चकल्या केल्या, बेसनाचे लाडू वळले, त्याच्यासाठी खोली लावली. बिमलाने मात्र आत यायचं सोडलं. "मुझे उस कमरे में अच्छा नहीं लगता," एवढंच ती म्हणाली, आणि हॉल पुसून गेली.

पूर्वीचा फोन आला. "सर, ती रीडिंग्ज. रिपोर्टमध्ये ठेवायची की काढायची?"

"काढ."

"सगळी?"

"अशक्य नोंदी आहेत त्या, पूर्वी. नियमाप्रमाणे काढून टाक."

"सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

"बिल्कुल," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तो टाकीत बर्फ ओतत असताना कुमुदिनी मागे येऊन उभी राहिली. मानेला गार लागलं, त्यावरूनच त्याला कळलं.

"बर्फ कशाला?" तिने विचारलं.

तो वळला नाही. "साकेत येईपर्यंत," तो म्हणाला.

टाकीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. पद्माकरला वाटलं, आता ती रडेल, किंवा विचारेल, किंवा वेड्यासारखं काय बोलताय म्हणून हसेल. तिने हसावं, असं त्याला फार वाटलं.

"बरं," कुमुदिनी म्हणाली. तिने त्याच्या हातातली बादली घेतली आणि उरलेला बर्फ स्वतः ओतला. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. रोज सकाळी मात्र ती आकडा सांगत होती, वीस, एकवीस, आणि तो दाढी करता करता तो आकडा परत म्हणत होता.

७

रविवारी दुपारी फोन वाजला. "बाबा, उतरलो! मुंबईचं विमान लेट होतं. टॅक्सीत बसतोच आता. आई काय करतेय?"

"वाट बघतेय," पद्माकर म्हणाला. आणि फोन ठेवला तोच लाइट गेली.

कूलरचं पातं हळू हळू फिरत थांबलं. गुडगावात लाइट जाणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे, रोजच जायची. सोसायटीचा जनरेटर दोन मिनिटांत धडधडू लागायचा. पद्माकर त्या धडधडीची वाट बघत उभा राहिला. ती आली नाही. त्याने इंटरकॉम उचलला.

"डीजल खतम है सर," खालचा गार्ड म्हणाला. "लड़का लेने गया है. आ जाएगा."

बाहेर लू होती, वाळूने आभाळ पिवळं झालं होतं. सातव्या मजल्याच्या ज्या उन्हाच्या भिंतींसाठी त्याने हे घर घेतलं होतं, त्या आता तव्यासारख्या तापल्या होत्या. त्याने फ्रिजमधला सगळा बर्फ काढला, बादल्या पलंगाभोवती मांडल्या, ओल्या चादरी खिडकीवर टाकल्या. कुमुदिनी मोतिया रंगाची साडी नेसून पलंगावर बसली होती. केसांत गजरा होता.

"अहो, चोवीस," ती म्हणाली.

"चोवीस," तो म्हणाला.

तो पेपरने वारा घालू लागला. बर्फाच्या वाफेने तोंड ओलं होत होतं. चोवीसचं सव्वीस झालं तेव्हा तिचा आवाज हॉलमधून आल्यासारखा आला. अठ्ठावीसला जिन्यातून. तिचे ओठ समोर हलत होते आणि आवाज लांबून येत होता. तिचं अंग आता गार लागत नव्हतं, नुसतं खोलीसारखं लागत होतं.

"बाहेर जा तुम्ही," ती म्हणाली. "दार उघडा त्याच्यासाठी. लिफ्ट बंद असेल."

"कुमुद—"

"जा ना."

तो हॉलमध्ये आला. दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. खूप खाली पावलं वाजत होती. बॅग पायरीपायरीवर आपटत होती, मधेच थांबत होती. एवढ्या जड बॅगा कशाला आणतात ही मुलं! टाक ती बॅग, असं ओरडायचं त्याच्या मनात आलं. पावलं एकेक मजला वर येत होती.

साकेत धापा टाकत वर आला. घामाने शर्ट चिकटलेला, तोंडभर हसू. तो वाकून पाया पडला. "आई कुठाय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. ना लांबून, ना जिन्यातून. अगदी रोजच्या सकाळसारखी, खणखणीत.

"अहो, बत्तीस!"

साकेत खदखदून हसला. "अजून चालू आहे का हे तुमचं? केवढा छान आवाज येतोय तिचा, बाबा! तुम्ही उगाच घाबरवता." आणि बूट न काढताच तो आत धावला.

"बत्तीस," पद्माकर म्हणाला. सवयीने.

तो हॉलमध्येच उभा राहिला. बादलीतला बर्फ एकदा कडकडला. मग साकेतचा आवाज आला, आधी हसरा, मग तसा नाही.

"आई? आई गं?"

८

तळमजल्यावर दवाखाना टाकलेला डॉक्टर तरुण होता. तोही जिना चढून आल्याने धापा टाकत होता. त्याने कुमुदिनीचा हात उचलला आणि लगेच खाली ठेवला. पापणी वर करून पाहिली. पायांवरची चादर जराशी सारली, पाहिलं, आणि पुन्हा नीट पांघरली. मग त्याने पद्माकरला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"अंकल," तो हळू आवाजात म्हणाला, "बेटा तो अभी आया है. आप तो यहीं थे. सच बताइए, कब हुआ?"

"अभी तो बोली है!" साकेत पलंगापाशी बसून रडत होता, तिथूनच ओरडला. "डॉक्टर साहब, मैंने खुद सुना. बाबा, सांगा ना त्यांना!"

डॉक्टरने साकेतकडे पाहिलं नाही. तो पद्माकरकडेच बघत होता, दाखल्याचा कागद डाव्या तळहातावर, पेन तारखेच्या रकान्यावर टेकवलेलं. खोलीत रीतसर मे महिना होता.

पद्माकरला झाकण ऐकू आलं. फरशीवर गोल गोल फिरणारं, बारीक होत होत थांबणारं, आणि त्यानंतरची ती मधली शांतता, जिच्यात त्याने टॉवेल उचलला होता आणि दोन पावलं टाकली होती. हा आकडा त्याच्याकडे होता. या विषयात खरी तारीख माहीत असलेला तो पहिलाच माणूस असेल.

खाली जनरेटर धडधडला. दिवे लागले, कूलर रिकाम्या टाकीवर घरघरू लागला.

"अंकल?"

"आज," पद्माकर म्हणाला. "आज की ही तारीख लिखिए."